काळ्या बोटांचा तास

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली. थोरल्या नातीचा फोन. खोकला बरा आहे. संध्याकाळी भावजींनी मिक्सर मागितला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "शाळेला." दिला नाही.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. आमच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, रोजनिशीत घडलं ते लिहावं, वाटलं ते देवाला सांगावं. त्यामुळे मिक्सर न देताना मला काय वाटलं, ते तिथे नाही. इथे सांगायला हरकत नाही. मला वाटलं, साठी जवळ आली तरी या माणसाला काही पोच येत नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळकरी पोर होते. दुसऱ्याच दिवशी चहा करायला म्हणून मी साखरेचा डबा उघडला आणि माडीवर कुठेतरी घंटा वाजायला लागली. धाडधाड जिना उतरून हे पोर आलं, हातात वही. "चोर सापडला!" म्हणालं आणि मला बघून गप्प झालं. घरातली साखर संपते कशी याचा शोध लावण्यासाठी त्यानं डब्याच्या झाकणाला तारा जोडल्या होत्या. खरा चोर म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आमचे हे. पण घंटा वाजली माझ्या वाट्याची. नवी सून साखर खाते, हे सासूबाईंना पुढची कित्येक वर्षं पुराव्यानिशी ठाऊक होतं.

पुढे ते विज्ञानाचे मास्तर झाले, ते होणारच होते. शाळेत त्यांना मुलं "शॉक सर" म्हणतात. नवीन यत्तेच्या पहिल्या तासाला ते हातात दोन तारा घेऊन सांगतात, "घाबरू नका, शॉक बसत नाही," आणि मग त्यांना स्वतःलाच बसतो. बॅटरी छोटी असते, इजा काही होत नाही, फक्त केस उभे राहतात. आणि केस तर त्यांचे एरवीही उभेच असतात. लग्न झालं नाही. एकदा मीच माझ्या मैत्रिणीच्या बहिणीला चहाला बोलावलं होतं. भावजींनी तिचा कंगवा मागून घेतला, तो आपल्या बाहीवर घासला आणि कागदाचे कपटे उचलून दाखवत बसले. चहा निवला. मुलगी जाताना मला म्हणाली, "माणूस चांगला आहे हो, पण माझा कंगवा तेवढा परत द्यायला सांगा." कंगवा अजून आमच्याकडेच आहे.

हे गेले तेव्हापासून खाली मी आणि वर ते. दोन वेळा जेवायला खाली येतात. जेवताना शाळा सोडून दुसरा विषय नाही. त्या मंगळवारी मात्र जेवताना शब्द काढला नाही. ताटाकडे बघत बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"खोली जाणार."

"कुठली खोली?"

"प्रयोगशाळा. मोठ्या बाईंनी ठरवलंय. पालकांना भेटायची खोली करणार. गालिचा, फुलदाणी, मधे लाकडी भिंत. म्हणजे आमचं सगळं सामान कपाटात, आणि कपाट जिन्याखाली."

मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या मुख्याध्यापिका. बाई कर्तबगार आहेत, उगाच वाईट म्हणणार नाही. त्यांच्या काळात शाळेची गळकी पन्हळ दुरुस्त झाली आणि घंटा वेळेवर वाजू लागली. पण डाग पडलेलं टेबल दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर डाग नाही असा तळहाताएवढा भाग नाही. शिवाय आता प्रत्येक वर्गात भिंतीवर मोठा पडदा लागलाय. त्यावर प्रयोग दाखवता येतो. पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही, काच फुटत नाही, आणि मुलाच्या शर्टाला पडलेल्या भोकाबद्दल कुणाची आई भांडायला येत नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, हातानं केल्याशिवाय विज्ञान कळत नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, या शुक्रवारी नववीच्या तासाला मी स्वतः येऊन बसते. पडद्यावर शिकवता येणार नाही असं काहीतरी त्या खोलीत शिकवून दाखवा. जमलं तर खोली राहील. नाहीतर सुताराला सांगून ठेवलंच आहे."

"आणि तुम्ही काय शिकवणार?"

इथे त्यांचा चेहरा उजळला. "ग्राफीन!"

"हे काय आणखी?" मी विचारलं.

"वहिनी, तुमचे पत्ते आणा."

मी दुपारी पेशन्स खेळते, ते पत्ते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि अख्खा जोड टेबलावर ठेवला. "पेन्सिलीत असतं त्याला लोक शिसं म्हणतात. ते शिसं नाहीच. ग्रॅफाइट. हा जोड म्हणजे ग्रॅफाइट. आणि यातला हा एकच पत्ता, हे ग्राफीन. कार्बनच्या अणूंचं एकपदरी जाळं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं षटकोनी. याच्याहून पातळ काही असू शकत नाही, कारण जाडीच एका अणूची!"

"बरं. मग?"

"वीज या पत्त्याच्या अंगावरून सुसाट पळते. पण एका पत्त्यावरून खालच्या पत्त्यावर उतरायचं म्हटलं की अडखळते."

"जिन्यावर तुमचं होतं तसं."

"अगदी तसंच! वहिनी, तुम्ही माझ्या वर्गात असायला हवं होतं."

"तुमच्या वर्गात असते तर साखरेचं प्रकरण तेव्हाच मिटवलं असतं. मिक्सर कशाला?"

तर एकेक थर सुटा करायचा झाला तर चिकटपट्टीनं सोलता येतो, पण एवढ्या मुलांना पुरेल इतकं सोलायचं तर वेळेचं दिवाळं निघेल. त्यापेक्षा ग्रॅफाइटची पूड, पाणी आणि भांड्याचा पातळ साबण मिक्सरमध्ये जोरात फिरवला की थर एकमेकांवरून घसरून सुटे होतात. सगळेच एकपदरी होत नाहीत, बरेचसे चार-सहा पदरी राहतात, पण शाळेला पुरेसे. ते काळं पाणी गाळायचं, गाळणकागदावर बसलेला थर धुऊन वाळवायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या, आणि त्यांतून वीज किती जाते ते मुलांनी मोजायचं.

"ज्या भांड्यात मी नातवंडांना फळांचा रस काढून देते त्यात?"

"नंतर धुऊन देतो."

"तुम्ही आजवर काय धुऊन दिलंय?"

शेवटी तह झाला. माळ्यावर मिक्सरचं तडा गेलेल्या मुठीचं जुनं भांडं होतं, ते मी दिलं. मशीन मात्र एकटं पाठवणार नाही म्हटलं. मशीन जाईल तिथे मी जाईन.

म्हणून गुरुवारी दुपारी मी, मांडीवर मिक्सर, अशी रिक्षानं शाळेत गेले.

खोली कोपऱ्यातली. दोन बाजूंना खिडक्या, मध्ये लांब टेबलं, भिंतीला एक चिनी मातीचं बेसिन, ज्याचा नळ पलीकडच्या चित्रकलेच्या खोलीच्या नळाशी जोडलेला. इकडे सोडला की तिकडे धार बारीक होते. या नळावरून भावजी आणि चित्रकलेचे मास्तर यांचं गेली कित्येक वर्षं रोज भांडण होतं आणि भांडण झाल्याशिवाय दोघांनाही चहा जात नाही. चित्रकलेचे मास्तर गोल, गोरे आणि पूर्ण टकले. मुलं त्यांना "खोडरबर" म्हणतात.

नववीची पोरं मिक्सर बघून वेडीच झाली. कुणी पूड मोजतंय, कुणी साबण ओततंय. एका उंच मुलाला सगळे "निवांत" म्हणत होते. त्याच्याकडे झाकण धरायचं काम होतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"निवांत, झाकण!" भावजी ओरडले.

"हो सर," तो म्हणाला, आणि झाकण कुठे आहे ते बघायला वळला. तोवर बटण दाबलं गेलं होतं.

काळा फेस छताला लागला नाही, एवढंच. भावजींचा चेहरा, माझा चष्मा, आणि पहिल्या रांगेतल्या मुलींच्या वेण्या. मग भावजींनी आपल्या चष्म्यावरचा फेस बोटानं पुसला, ते बोट उजेडात धरलं आणि म्हणाले, "बघा किती बारीक झालंय!"

दुसऱ्या खेपेला झाकण मीच धरलं.

काळं पाणी उंच पेल्यांत निवळायला ठेवलं. जड पूड खाली बसली; वरचं करडं पाणी मुलांनी गाळलं, आणि मग पुन्हा पुन्हा साधं पाणी घालून साबण काढला. "साबण राहिला तर थरांच्या मध्ये तोच ठाण मांडून बसेल आणि वीज अडेल," भावजी सांगत होते. ज्या मुलीला सगळे "वकील" म्हणत होते तिनं विचारलं, "साबण सगळा गेला हे कशावरून?" भावजी म्हणाले, "फेस येईनासा होईपर्यंत धू." तिनं इतकं धुतलं की पलीकडून खोडरबर मास्तर ओरडले, "अहो शॉकसाहेब, माझ्या नळाला थेंब नाही!"

मुलांनी सोबत मऊ पेन्सिलीनं कागदावर गच्च घासून काही पट्ट्या काढल्या, तुलनेसाठी. त्या पेन्सिली मास्तरांच्याच कपाटातल्या, चित्रकलेच्या, काजळासारख्या काळ्या. एक पट्टी भावजींनी दिव्याखाली धरून घाईनं वाळवली आणि विजेला होणारा विरोध मोजणाऱ्या मीटरच्या दोन काड्या तिच्या दोन टोकांना टेकवल्या. आकडा उमटला. मुलांनी असा गलका केला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

आता उरलेल्या सगळ्या पट्ट्या रात्रीतून वाळायला हव्या होत्या. प्रयोगशाळा संध्याकाळी खिडक्या लावून बंद होते आणि आत ओल धरते. चित्रकलेच्या खोलीत मात्र वाऱ्याच्या खिडकीशी दोरी आणि चिमटे, मुलांची चित्रं वाळवायला. भावजींनी सगळ्या पट्ट्या, पेन्सिलीच्यासुद्धा, तिथे टांगायची परवानगी मागितली. जड जात होतं, पण मागितली.

"टांगा," मास्तर उदारपणे म्हणाले. "शेजारधर्म आहे. पाणी नाही दिलंत तरी दोरी देतो."

शुक्रवारी माझं तिथे खरं तर काम नव्हतं, मिक्सर घरी आला होता. पण अर्धं बघून घरी बसणं मला जमलं नसतं. मागच्या बाकावर जाऊन बसले. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बटण एक घर वर लागलं होतं. मी खुणेनं सांगितलं. त्यांनी चष्मा सारखा केला.

मोठ्या बाई आल्या. त्यांच्यामागून शिपायानं खुर्ची आणली, आणि खुर्चीमागून सुतार. कानावर पेन्सिल, हातात मापाची फीत.

"हे फक्त मापं घेणार आहेत," बाई म्हणाल्या. "उद्या त्यांना वेळ नाही. तुमचा तास चालू द्या, सर."

खोलीत छान सुगंध येत होता, एखाद्या केशकर्तनालयातून बाहेर पडलेल्या बाईचा यावा तसा. बाईंनी तपासणीसाठी केस बसवून घेतले असावेत, असं मी मनात म्हटलं. बाईसुद्धा वळून माझ्याकडे दोनदा बघत होत्या. त्यांना बहुधा वाटलं, म्हातारपणी हे काय.

भावजींनी आधी थोडक्यात पत्त्यांचं सांगितलं. मग म्हणाले, "आता बोलणं बंद. प्रत्येक गटानं आपली पट्टी घ्या, मीटर लावा, आकडा लिहा." पट्ट्या दोरीवरून काढून आणलेल्या होत्या. मुलांनी काड्या टेकवल्या.

काही नाही.

"सर, येत नाही."

"नीट टेकव."

"सर, आमचापण नाही."

"आमचापण!"

एकाही टेबलावर आकडा उमटेना. भावजींनी मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या, मीटर ठीक होता. बॅटरी बदलली. पेन्सिलीची पट्टी घेतली, ती तर चालायलाच हवी. तीसुद्धा मेलेली. मोठ्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वाईट मनानं नाही, पण पाहिलं.

"बाई, सुरू करू का?" सुतारानं विचारलं.

"करा, आवाज न करता."

सुतारानं फीत ओढली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. समोर भावजी उभे होते, हातात मेलेली पट्टी. "धरता का जरा, सर?" तो म्हणाला, आणि भावजींनी, डोकं भलतीकडेच असल्यामुळे, ते टोक धरलं. भिंतीला नीट टेकवून धरलं. आपल्याच खोलीचं माप देत तो माणूस उभा होता आणि पुटपुटत होता, "काल चालत होतं. काल चालत होतं..."

मला ते बघवेना. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात वकील उभी राहिली.

"सर, काल चालत होतं, आज चालत नाही. मधे काय झालं?"

"मधे काय होणार! रात्र झाली."

मुलं हसली. ती हसली नाही. "रात्रभर पट्ट्या कुणाच्या ताब्यात होत्या?"

"दोरीच्या," निवांत म्हणाला.

तिनं पट्टी उचलली, उजेडात वळवून बघितली, मग नाकाला लावली. "सर, हिला वास येतोय."

"ग्रॅफाइटला वास नसतो."

"हिला आहे. घ्या ना."

भावजींनी फीत सोडली, ती सपकन सुताराच्या हातावर बसली, तो "आई गं" म्हणाला. भावजींनी वास घेतला. मग प्रत्येक टेबलावर मुलं आपापली पट्टी हुंगायला लागली. शेवटी मोठ्या बाईंनीही हात पुढे केला, एक पट्टी घेतली, आणि फुलासारखी हुंगली.

"हा तर केसांवर मारायच्या फवाऱ्याचा वास," एक मुलगी म्हणाली.

झाडून सगळा वर्ग बाईंच्या केसांकडे बघायला लागला.

"मी केसांना काहीही लावत नाही!" बाई म्हणाल्या. मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, मला केसच किती राहिलेत."

"खोडर—" निवांत म्हणाला आणि जीभ चावली. "चित्रकलेच्या सरांना बोलावू?"

मास्तर पलीकडून ब्रश पुसत आले. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना वाटलं, कौतुकासाठी बोलावलंय.

"मास्तर," भावजी हळू आवाजात म्हणाले, "काल तुम्ही या पट्ट्यांना काही केलंत?"

"केलं तर! पेन्सिलीचं, कोळशाचं काम असंच टांगून ठेवलं तर हात लागला की पुसतं. माझ्या खोलीतून कागद फवारल्याशिवाय बाहेर पडत नाही, तो नियम आहे. वरून दोन हात मारले. चित्रकारांचा फवारा महाग पडतो म्हणून मी केसांचा आणतो, काम तेच करतो. आता आभारबिभार राहू द्यात."

"केसांचा?" बाई म्हणाल्या. त्यांची नजर आपोआप वर गेली, मास्तरांच्या टकलावर, आणि तिथेच थांबली.

"दुकानदारही असंच बघतो," मास्तर म्हणाले.

वर्गात हशा पिकला. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. सुतार भिंतीला टेकून हसत होता. एकटे भावजी हसत नव्हते. त्यांचे केस आणखी उभे राहिल्यासारखे दिसत होते.

हसू ओसरल्यावर बाई रुमाल घडी करत म्हणाल्या, "सर, मला वाईट वाटतं. पण मी म्हणते ते हेच. पडद्यावर असं झालं नसतं."

"बरोबर आहे, बाई," भावजी म्हणाले. "पडद्याला शेजार नसतो."

आणि ते मास्तरांकडे वळले. मला वाटलं, आता जुंपणार. पण त्यांनी पट्टी उचलून वर्गाला दाखवली आणि नेहमीच्या, तासाच्या आवाजात विचारलं, "मग आता सांगा. वीज नेमकी अडली कुठे? ग्राफीन बिघडलं, की आणखी काही?"

पोरांनी वाद घातला. एकजण म्हणाला, फवारा आत मुरला, सगळं वाया गेलं. वकील म्हणाली, मुरला हे कशावरून, वरच बसला असेल. कुणी म्हणालं, पट्ट्या फेका, नव्या करू. भावजी एकाही उत्तराला हो म्हणेनात, नाही म्हणेनात. नुसते "कशावरून?" विचारत होते. मोठ्या बाईंना ते सहन होईना. त्या खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या, उत्तर माहीत असलेल्या मुलीसारख्या. मला खात्री आहे, त्यांनाही माहीत नव्हतं.

मग निवांत, खिडकीबाहेर बघतच, म्हणाला, "वायरवरचं प्लास्टिक आपण सोलतोच की. आत तांबं चांगलंच असतं."

वकिलीणबाईंनी आपल्या दप्तराची सेफ्टी पिन काढली आणि पट्टीची दोन्ही टोकं खरवडली. काड्या टेकवल्या.

आकडा आला.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं त्याला तास म्हणता येणार नाही, बाजार म्हणावं लागेल. पिना फिरल्या. एकीनं माझ्या चष्म्याच्या डबीतली पिनही नेली, ती परत आली नाही. आखूड पट्टीला विरोध कमी, लांब पट्टीला जास्त. मिक्सरची पट्टी पेन्सिलीच्या पट्टीपेक्षा किती चांगली, यावर दोन गटांची भांडणं. चमच्याच्या पाठीनं घोटलेली पट्टी न घोटलेलीपेक्षा चांगली निघाली, आणि का, तर थर एकमेकांवर चेपून बसले म्हणून. हे मुलांनीच सांगितलं. एका टेबलावर पट्टीतून वीज नेऊन इवलासा लाल दिवा लावला. दिवा मिणमिणता होता, पण पोरांनी पडदे ओढून घेतले. अंधारात सुतार म्हणाला, "अहो, मला माप दिसत नाही." कुणी ऐकलं नाही.

"बाई," भावजी म्हणाले, "हे निखळ एकपदरी ग्राफीन नाही, बरं का. ते बघायला मोठी यंत्रं लागतात. खोटं सांगणार नाही."

"ते कळलं मला," बाई म्हणाल्या. "ही वाकवली तर?"

प्रश्न त्यांनी विचारला होता, आता माघार नव्हती. वकिलीणबाईंनी एक पट्टी त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, पेरांच्या वरच्या बाजूनं, चिकटपट्टीनं बसवली आणि दोन टोकांना चिमटे लावले. मोठ्या बाईंची ही तर्जनी साऱ्या शाळेला परिचित. बोलताना ती वाकते आणि ताठ होते, वाकते आणि ताठ होते, आणि समोरचा लहान होत जातो.

"बोट वाकवा, बाई."

आकडा चढला.

"सरळ करा."

उतरला. पुन्हा अगदी होता तिथे नाही, पण उतरला.

"वाकलं की पट्टी ताणली जाते," भावजी म्हणाले, "पापुद्रे एकमेकांपासून जरा सुटतात. विजेला उडी मारायला अंतर वाढतं."

मागून एक बारीक आवाज आला, "बाई, आम्हाला रागवा ना!"

"कोण बोललं ते?" बाईंनी सवयीनं बोट उगारलं आणि मीटरवर आकडा नाचला. वर्गात एकच आरडाओरड. "बाई, परत! बाई, गृहपाठाचं बोला!" आणि मोठ्या बाई, ज्यांना मी तोवर रुमालाआडच हसताना पाहिलं होतं, त्या उघड हसत, मीटरकडे डोळे लावून म्हणाल्या, "गृहपाठ कुणी कुणी केला नाही? उभे राहा!" आकडा चढला. पोरं टाळ्या वाजवत उभी राहिली. ज्यांनी केला होता तीसुद्धा.

चित्रकलेचे मास्तर इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. "बघा," ते म्हणाले, "इतकी वाकवली तरी पूड झडली का? नाही. का नाही? फवारा!"

"ते मात्र खरं आहे," भावजींना म्हणावं लागलं. न फवारलेला, काल टेबलाखाली पडून राहिलेला एक तुकडा त्यांनी वाकवून बघितला, आणि त्याची पूड त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पडली. "मान्य, मास्तर. टोकं सोडून मारायला हवा होता, एवढंच."

"आधी सांगायचं!"

"मला काय माहीत तुमच्याकडे केसांचा—"

"पाणी सोडा आधी, पाणी! सकाळपासून माझा नळ कोरडा आहे."

घंटा झाली. कुणी उठलं नाही. बाई उठल्या, बोटावरची पट्टी काढायला विसरल्या, आणि दाराकडे निघाल्या तसा मीटर टेबलावरून घसरला. तो निवांतनं, जागचा न हलता, नुसता हात लांबवून झेलला.

भावजी फळ्यापाशी उभे होते. आता त्यांना आठवलं होतं, हा तास कशासाठी होता. हातातला खडू ते उगाच फिरवत राहिले.

मोठ्या बाईंनी चिमटे सोडवले. टेबलांकडे पाहिलं. डाग कालच्यापेक्षा दुप्पट झाले होते, आणि प्रत्येक टेबलाशी मुलं दाटीवाटीनं, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती, मागच्यांना दिसत नव्हतं. त्या सुताराकडे वळल्या.

"भिंतीचं माप राहू द्या. या टेबलांचं घ्या. अशीच आणखी दोन लागतील. उंची हीच ठेवा."

"पॉलिश करू?" सुतारानं विचारलं.

बाईंनी आपल्या काळ्या झालेल्या बोटाकडे बघितलं. "नको. काही उपयोग नाही."

सुतारानं फीत काढली. "सर, धरता का जरा?"

भावजींनी टोक धरलं. या वेळी त्यांना कळत होतं आपण काय धरलंय, म्हणून ते सारखे वळून मुलांकडे बघत होते आणि फीत सरकत होती. सुतार म्हणाला, "सर, हलवू नका हो, माप चुकेल." तेव्हा पलीकडून खोडरबर मास्तर आले, भावजींच्या हाताखाली आपला हात ठेवून त्यांनी फीत दाबून धरली, आणि म्हणाले, "आज चहा तुमच्याकडून."

त्या दिवशीची नोंद:

शुक्रवार, १२ सप्टेंबर. ऊन. भावजींच्या शाळेत जाऊन आले. प्रयोगशाळा राहिली. भावजी दोनदा भात घेऊन जेवले. संध्याकाळी चित्रकलेचे मास्तर चहाला, साडेआठपर्यंत बसले. न्हाणीघरातला साबण संपला, नवी वडी काढली.